दार ओढून घेतलं होतं

आमच्या घरी चोरी झाली ती भरदिवसा. मी सकाळी साडेनऊला डोंबिवलीचं घर सोडलं आणि माझा नवरा पहिली पाळी संपवून साडेतीनला परतला, तेवढ्या सहा तासांत कधीतरी. तो मानपाड्याच्या पुढे एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. आला, नेहमीसारखी चावी लावली, नेहमीसारखं दार उघडलं. पाणी प्यायला, हातपाय धुतले आणि टॉवेल घ्यायला आत गेला तेव्हा त्याला कपाट उघडं दिसलं. दार व्यवस्थित बंद होतं, याचाच त्याला जास्त धक्का बसला. "कुणीतरी येऊन गेलं आणि जाताना दार लावून गेलं," असं तो नंतर कितीतरी दिवस येईल त्याला सांगायचा.

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ठाण्याच्या कोर्टासमोर एका वकिलांकडे मी टायपिस्ट आहे, बावीस वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, जबाब. कुणी काय पाहिलं, कोण कुठे होतं, ते सगळं माझ्या बोटांखालून जातं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"घरी ये," नवरा म्हणाला. "आईच्या पाटल्या गेल्या."

सासूबाई आदल्या वर्षी वारल्या. जाण्याआधी नातीच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी त्या पाटल्या माझ्या हातात दिलेल्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेव, असं नवरा सारखा सांगत होता आणि मी या शनिवारी, पुढच्या शनिवारी करत राहिलेले. माझं मोठं मंगळसूत्र आणि सासऱ्यांचं घड्याळही गेलं होतं, पण घरात बोलणं व्हायचं ते पाटल्यांचंच.

मी पोचले तेव्हा दोन पोलीस आलेले होते आणि माझ्या स्वयंपाकघरात समोरच्या काकू सगळ्यांसाठी चहा टाकत होत्या. त्यांना साखर कुठे आहे हे विचारावं लागत नव्हतं. आमच्या मजल्यावर दोनच घरं, त्यांचं आणि आमचं. काकू मूळच्या राजापूरकडच्या. नवरा लवकर गेला, हॉस्पिटलात आयाचं काम करून त्यांनी मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं आणि निवृत्त होऊन एकट्या राहत होत्या. आमची मुलगी शाळेत होती तेव्हापासून आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असायची. दुपारी मुलगी आली की काकू दार उघडून द्यायच्या, तिला जेवायला वाढायच्या आणि मी येईपर्यंत तिथेच बसायच्या. मुलगी आता पुण्याला नोकरीला आहे. चावी मात्र काकूंकडे राहिली ती राहिलीच. गॅसवाला यायचा, कधी दुरुस्तीवाला यायचा, काकू दार उघडायच्या.

हवालदार वयस्कर होते, बोलायला शांत. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून लॅच बघितलं, चावीच्या भोकाजवळ पेनाचं टोक फिरवलं, चौकटीवरून अंगठा फिरवला.

"एक ओरखडा नाही," ते म्हणाले. "मॅडम, सकाळी शेवटी घराबाहेर कोण पडलं?"

"मी."

"दार लॉक केलेलं?"

"हो."

"नक्की?"

"हो, लॉक केलेलं."

आमचं लॅच साधं होतं. दार ओढून घेतलं की खट् करून बसायचं आणि मग चावीशिवाय बाहेरून उघडायचं नाही. त्याची चावी बाहेरून आणखी दोनदा फिरवता येते आणि तेव्हाच ते खरं बंद होतं, हे घर घेतलं तेव्हा लॅच बसवणाऱ्याने दाखवलं होतं. पण इतक्या वर्षांत चावी कुणी फिरवायचं नाही. सगळे दार ओढायचे आणि जायचे. आमच्या घरात त्यालाच लॉक करणं म्हणायचे. बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लावायचं, तेही गंजलं म्हणून कधीच काढून ठेवलेलं.

त्या क्षणी मला हे आठवलं का? मी स्वतःला खूपदा विचारलंय. आठवलं होतं. पूर्ण वाक्य मनात आलं नाही, पण काहीतरी हललं. नवरा शेजारी उभा होता. लॉकर माझ्यामुळे राहिला होता, आता दारही माझ्यामुळेच, हे त्याच्यासमोर, दोन पोलिसांसमोर माझ्या तोंडून निघालं नाही.

"चाव्या किती आहेत?" हवालदारांनी विचारलं.

"तीन. एक माझ्याकडे, एक यांच्याकडे."

"आणि तिसरी?"

मी उत्तर द्यायच्या आत काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "तिसरी माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "देवाच्या फोटोमागे खिळ्याला असते. दाखवू का?"

हवालदारांनी चहा घेतला. मग मला विचारलं, या काकूंकडे कोण कोण येतं? मी सांगितलं, मुलगी आणि जावई, एकाआड एक रविवारी. जावई काय करतात? खोपटला एका गॅरेजात मेकॅनिक आहेत. हवालदारांनी मेकॅनिक हा शब्द लिहून घेतलेला मी पाहिला. मी जे सांगितलं ते सगळं खरं होतं, लॉक केलेलं हे सोडून. पण पोलिसांनी बाकीचं सगळं त्या एका उत्तरावर उभं केलं. दार लॉक होतं, खुणा नाहीत, म्हणजे चावी वापरली, म्हणजे चावीवाल्या माणसांपैकी कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे पोलीस आले. दार उघडंच ठेवून चौकशी केली, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्यांनीही ऐकली. चोरीच्या दिवशी दहा ते तीन कुठे होतात, कुणाला फोन केला, जावयाला पैशांची अडचण आहे का. काकू सगळ्याची उत्तरं देत होत्या. मी दाराच्या भिंगातून बघत होते. बाहेर जायला हवं होतं. मी गेले नाही.

जावयांना पोलीस स्टेशनला तीनदा बोलावलं. मारहाण वगैरे काही नाही, नुसतं बाकावर बसवून ठेवायचे. सकाळी दहाला बोलावलं की संध्याकाळी सोडायचे. गॅरेजवाल्याने दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाला, तुझं निस्तर आणि मग ये. हे सगळं आमच्या सोसायटीत पायऱ्यांवर ऐकू यायचं. लोक माझ्याकडे बघून आवाज खाली करायचे. एक बाई तर मला लिफ्टपाशी म्हणाली, "मी तुम्हाला आधीच सांगणार होते, चावी कुणाकडे ठेवू नये." मी लिफ्टचं बटण दाबलं.

मुलीने पुण्याहून फोन केला. "आई, तू काकूंचं नाव घेतलंस?"

"घेतलं नाही गं. पोलिसांनी चाव्यांचं विचारलं. काकू स्वतःच म्हणाल्या."

"मग तू म्हणालीस का, की त्या तसं करणार नाहीत?"

"म्हणायचा प्रश्नच आला नाही," मी म्हणाले. तिने फोन ठेवून दिला.

चोरीनंतरच्या शनिवारी नवरा सुताराला घेऊन आला आणि दाराला जुन्या लॅचखाली एक नवीन भारी कुलूप बसवलं. तीन दांडे चौकटीत शिरायचे, चावीला दोन्ही बाजूंनी खळगे होते. दुकानदाराने ते काउंटरवर आपटून दाखवलेलं म्हणे. सुतार मात्र चौकटीला भोक पाडताना थांबला आणि बोटाने लाकडाचा भुगा काढून दाखवला.

"साहेब, कुलूप मजबूत आहे. चौकट आतून गेलीय. कुणी खांदा मारला तर कुलूप जागेवर राहील आणि चौकट हातात येईल."

"चौकट नंतर बघू," नवरा म्हणाला. सुताराने भुगा झाडला आणि कुलूप बसवून गेला.

नवीन कुलपाच्याही तीन चाव्या मिळाल्या. तिसरी नवऱ्याने कपाटात ठेवली. मी बघत होते. त्यानेही माझ्याकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी काकूंनी बेल वाजवली. दार नवऱ्याने उघडलं. त्या म्हणाल्या, "तिच्याशी जरा बोलायचं होतं." नवरा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "तिचं डोकं दुखतंय, पडलीय." मी आत भाजी निवडत होते. दोन दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा मी एकटीच होते. मी भिंगातून बघितलं आणि आतूनच म्हणाले, "काकू, जरा कामात आहे." बराच वेळ त्या तिथे उभ्या होत्या. नंतर दार उघडलं तेव्हा जाळीच्या दाराला एक छोटी पिशवी लटकवलेली होती आणि तिच्यात आमची जुनी चावी.

दोन आठवड्यांनी काकूंची मुलगी टेम्पो घेऊन आली. गादी, दोन पेट्या, देवांचा छोटा लाकडी देव्हारा. "आईला कळव्याला नेतेय," ती कुणालातरी सांगत होती, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "इथे तिला कशाला ठेवू? चोर म्हणवून घ्यायला?" काकू खाली उतरताना आमच्या दाराकडे बघत नव्हत्या. गुडघे दुखत असल्यामुळे कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. एरवी त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली असती.

यानंतर तीनेक महिने गेले. चोर सापडला नव्हता. एका रविवारी नवरा कंपनीत होता. मी कचरा बाहेर ठेवायला म्हणून दोन पावलं बाहेर गेले, गॅलरीतून वारा आला आणि दार धाडकन बंद झालं. चावी आत, मोबाइल आत, मी गाऊनवर ओढणी घेऊन बाहेर. वरच्या मजल्यावरच्यांच्या मोबाइलवरून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मला यायला दोन तास लागतील, चावीवाल्याला बोलाव.

वॉचमन बाजारातून एका चावीवाल्याला घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, खांद्याला कापडी पिशवी. मी म्हटलं, नवीन कुलूप आहे, महागाचं आहे, तोडू नका. त्याने खालच्या कुलपाकडे बघितलं, दाराला तळहात लावून थोडं दाबून बघितलं.

"ते लावलेलंच नाहीये, ताई. वरच्या लॅचवर दार उभं आहे."

मग त्याने पिशवीतून प्लास्टिकचा एक कापलेला तुकडा काढला. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा असावा. तो दार आणि चौकट यांच्यामध्ये सरकवला, दुसऱ्या हाताने दार हलवलं. मी पुढे काही विचारायच्या आत दार उघडलं होतं. मला वाटलं, तो अजून सुरुवातच करतोय.

"झालं?" मी म्हटलं.

"झालं."

"हे असं कुणीही करू शकतं?"

"ज्याला माहीत आहे तो करू शकतो. नुसतं ओढलेलं दार म्हणजे टेकवलेलं दार, ताई. चावी दोनदा फिरवली असती तर मला तासभर लागला असता, आणि लॅचची वाट लागली असती."

"आणि असं उघडल्यावर काही खूण राहते?"

त्याने लॅचवरून अंगठा फिरवला, हवालदारांनी फिरवला होता तसाच. "काय खूण राहणार? आणि जाताना ओढून घेतलं की परत बंद."

मी त्याला पैसे दिले. तो गेल्यावर मी सोफ्यावर बसून राहिले. चोरीच्या दिवसाची सकाळ मला इतकी स्वच्छ आठवत होती की आधी आठवली नव्हती असं म्हणणं शक्यच नव्हतं. वकीलसाहेबांचा फोन चालू होता, मोबाइल खांद्यात धरलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने मी दार ओढलं. चावी पर्समध्ये होती. ती पर्समधून बाहेर निघालीच नव्हती.

नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पायातले बूट काढले. मग म्हणाला, "मीही रोज तसंच करतो."

"पण त्या दिवशी मी होते. आणि मी पोलिसांना लॉक केलेलं असं सांगितलं."

"आता उकरून काय मिळणार? पाटल्या येणार आहेत परत?"

"पाटल्यांचं नाही म्हणत मी."

"मग त्या आता गेल्यात ना तिकडे. मुलीकडे आहेत, ठीक आहेत." त्याला राग नव्हता आला. त्याला फक्त हे सगळं संपायला हवं होतं. मलाही हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी ऑफिसातून लवकर निघून कळव्याला गेले. पत्ता आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून घेतला. स्टेशनपासून आत, चढावर एका चाळवजा इमारतीत दोन खोल्या. दार काकूंच्या मुलीने उघडलं.

"काय काम आहे?"

"काकूंना भेटायचंय."

"आता काय राहिलंय विचारायचं?"

आतून काकूंचा आवाज आला, "कोण आहे गं? येऊ दे तिला."

काकू पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. जावई खिडकीशी खुर्चीवर होते, मला बघून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी बसले नाही. बसले असते तर सांगता आलं नसतं. चावीवाला, प्लास्टिकचा तुकडा, वकीलसाहेबांचा फोन, सगळं सांगितलं. "मी पोलिसांना खोटं सांगितलं, काकू. दार मी नुसतं ओढून घेतलं होतं."

काकूंनी ताट बाजूला ठेवलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मी बघितलं होतं तुला. उंबऱ्यात रांगोळी काढत होते. तू फोनवर बोलत बाहेर आलीस, दार ओढलंस आणि गेलीस. मी हात पण केला. तुझं लक्ष नव्हतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगू? हवालदाराला? त्याने पहिलं काय विचारलं असतं? म्हणजे दार नुसतं ओढलेलं आहे हे तुम्हाला माहीत होतं तर, आजी." काकूंनी हवालदारांसारखा शांत आवाज काढला. "आणि तुला सांगायला मी दोनदा आले होते. तू सांगितलं असतंस तर ते तुझ्या तोंडून आलं असतं."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती, पण ते रडणं रागाचं होतं. "आई, तू मला पण नाही सांगितलंस," ती म्हणाली. "यांना तीन-तीनदा बसवून ठेवलं, आणि तू मला पण नाही सांगितलंस."

"तू जाऊन भांडली असतीस," काकू म्हणाल्या. "मग आपणच गोष्ट रचली असं झालं असतं."

मी म्हटलं, मी पोलीस स्टेशनला जाऊन पुरवणी जबाब देते. म्हणजे आधी दिलेल्या जबाबात दुरुस्ती. असे जबाब मी लोकांसाठी कितीदा टाइप केलेत. जावई पहिल्यांदाच बोलले. "त्याची कॉपी मिळेल?"

"मी आणून देते."

"गॅरेजच्या मालकाला दाखवायची आहे," ते म्हणाले. त्यांनी नंतर दुसरीकडे काम धरलं होतं. तरी जुन्या मालकाला दाखवायची होती.

निघताना मी पर्समधून नवीन कुलपाची तिसरी चावी काढली. ती मी मुद्दाम कपाटातून आणली होती. काकूंनी ती हातात घेतली नाही.

"नको गं. आता कुणाचीच चावी नको मला. तू आलीस ते बरं केलंस."

पोलीस स्टेशनला आधीचे हवालदार नव्हते, बदली झालेली. नवीन साहेबांनी मला दीड तास बसवलं, मग माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, केस तशीही बंद व्हायला आलीय. याने आता काही फरक पडत नाही." मी म्हटलं, तरी लिहून घ्या. ते लिहू लागले तेव्हा मी प्रत्येक वाक्य बघत होते. त्यांनी 'दार बंद केले होते' असं लिहिलं. मी म्हटलं, नाही, 'दार फक्त ओढून घेतले होते, चावी फिरवली नव्हती' असं लिहा. त्यांनी खोडून तसं लिहिलं. मग मी खाली सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

दुसऱ्यांदा कळव्याला जाऊन मी ती प्रत दिली. जावयांनी ती उभ्यानेच दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मालकाला दाखवली का, मालक काय म्हणाला, ते मला कधी कळलं नाही.

चोर मिळाला नाही. पाटल्याही नाहीत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उठून सांगितलं की त्या दिवशी दार मी लॉक केलं नव्हतं. लोकांनी मान हलवली, आणि लगेच कॅमेरे बसवायचा विषय निघाला. माझं बोलणं किती जणांच्या लक्षात राहिलं, सांगता येत नाही. काकूंबद्दल जे बोललं गेलं ते मात्र अजूनही कधीतरी कानावर येतं. "त्या समोरच्या आजींकडे चावी होती ना, तीच केस." मी दरवेळी दुरुस्त करते. दरवेळी समोरचा म्हणतो, "हो का? मला वेगळंच माहीत होतं."

काकूंनी त्यांचं इथलं घर भाड्याने दिलं. आम्ही फोनवर बोलतो, आधी महिन्यातून एकदा, आता थोडं जास्त. मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा मुलीला रजा मिळत नव्हती म्हणून काकूंनी स्वतः मला फोन केला. ठाण्याच्या हॉस्पिटलात मी दिवसभर त्यांच्याबरोबर होते. भूल उतरेपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. संध्याकाळी जावई न्यायला आले. त्यांनी मला नमस्कार केला, औषधांची पिशवी घेतली आणि काकू तयार होईपर्यंत बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले.